दाराजवळची खुर्ची

सात वर्षांत इल्झेला दाराकडे पाठ करून जेवायला एकदाही मिळालं नव्हतं. हसू नका, बाई खरोखर कुढत होती. चीनमधल्या हूचौजवळच्या त्या पियानो कारखान्यात मोठं गिऱ्हाईक आलं की गोल टेबलाभोवती पंगत बसायची. दारासमोरची खुर्ची पाहुण्याची. दाराकडे पाठ असलेली खुर्ची घरच्या माणसाची. खांद्यावरून येणारी ताटं घ्यायची, चहा ओतायचा, सगळ्यांना मिळालं की मग आपण खायचं. इल्झे दर वेळी तिकडे वळायची, आणि शन मॅनेजर दर वेळी तिचं कोपर धरून तिला पाहुण्याशेजारी नेऊन बसवायचे.

"अहो तज्ज्ञबाई, तिकडे कुठे? लोक काय म्हणतील!"

तज्ज्ञबाई! लाटव्हियातून ती नवीनच आली तेव्हा ठीक होतं. आता ती गरम पाण्याचा थर्मास काखेत मारून फिरायची, दुपारी दिवे मालवले की घडीची खाट उघडून सगळ्यांबरोबर घोरायची, भांडायची तीही इथल्याच बोलीत. तरी आपली तज्ज्ञबाईच. कारखान्याच्या माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर तिचा फोटो होता. ज्यांच्या हाताखाली ती खरं काम शिकली त्या छिउ मास्तरांचा मात्र कुठल्याच पानावर नव्हता. याचा तिला संताप यायचा, आणि का येऊ नये?

मास्तर अडुसष्ट वर्षांचे. कारखान्यातल्या निम्म्या लोकांना सूर लावायला त्यांनीच शिकवलेलं. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कानाने दगा दिला. पियानोच्या अगदी उजव्या टोकाचे, सगळ्यात उंच सूर त्यांना नीट ऐकू येईनासे झाले. हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं आणि बोललं कुणीच नव्हतं. चारचौघांत नाही आणि एकांतातही नाही. उलट एक वेगळीच व्यवस्था लागली. मास्तर जेवून खाटेवर आडवे झाले की इल्झे आणि तिची जोडीदारीण लौताई त्यांनी केलेला पियानो चाकांवरून मागच्या बंद खोलीत ढकलत न्यायच्या. मास्तरांच्याच हत्यारांच्या पेटीतली तारा पिळायची चावी घ्यायच्या, कारण तिच्यासारखी पकड दुसऱ्या कुठल्या चावीला नव्हती. वरचे सूर जागेवर आणायच्या आणि दीडच्या आत पियानो परत जिथल्या तिथे.

पहिल्या दिवशी इल्झे कुरकुरली होती. "आमच्याकडे असं असतं तर सरळ तोंडावर सांगतात."

"मग सांग की!" लौताई म्हणाली. "ते बघ, झोपलेत. उठव आणि सांग. होतंय का बघू."

इल्झे दोन पावलं गेली होती. मास्तरांचे बूट खाटेखाली नीट जोडून ठेवलेले दिसले आणि ती परत फिरली. त्यानंतर दोन वर्षांत तिने एकही दुपार चुकवली नव्हती.

आता बघा, घोळ कसा झाला. शनयांगच्या संगीत महाविद्यालयाला अठरा पियानो हवे होते. निवड करायला त्यांच्या बाओबाई दुपारी तीनला यायच्या होत्या. त्या सकाळी साडेदहालाच दारात हजर! आदल्या संध्याकाळी मास्तरांनी हातावेगळा केलेला पियानो ओळीत चौथा उभा होता, आणि दुपार व्हायची होती. इल्झेने लौताईकडे पाहिलं. लौताईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बाओबाई उभ्यानेच वाजवायच्या. पहिला झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला त्यांनी मान हलवली. चौथ्यावर त्यांची बोटं उजवीकडे सरकत गेली, टोकाशी थांबली, पुन्हा तेच सूर वाजले. आणि पुन्हा.

"हा कुणी लावला?"

बाओबाईंनी वळून पाहिलं. "अठरा पियानो आम्ही पोरांच्या हाती देणार आहोत, आणि वरचं सगळं उतरलेलं! कुणाचे कान आहेत हे?"

ओळीच्या मागे मास्तरांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांनी सदरा सारखा केला आणि पाऊल उचललं. चाळीस वर्षांचं नाव त्या एका पावलावर उभं होतं. ते पुढे येऊन 'माझे' म्हणाले असते तर दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात पाय ठेवला नसता, हे इल्झे नक्की जाणून होती.

"माझे," ती म्हणाली.

शन मॅनेजरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू भर बाजारात कुणी त्यांचं धोतर ओढलंय. "तज्ज्ञबाई, अहो, तुम्ही तर..."

"मीच. रात्री घाईत लावला. चुकलं माझं."

बाओबाईंनी माहितीपुस्तक उघडलं, फोटो पाहिला, तिला पाहिलं. "हीच का तुमची परदेशातली तज्ज्ञ? पहिल्या पानावर छापलीत ती?" मागे कुणीतरी खाकरलं. इल्झेचे कान तापले. असला अपमान तिने जन्मात गिळला नव्हता. पण ती हलली नाही.

"पंधरा मिनिटं द्या," ती म्हणाली. "इथंच, तुमच्यासमोर करते."

"चावी?" बाओबाईंनी विचारलं.

इल्झे वळली तर मास्तर समोर उभे. त्यांनी आपली चावी तिच्यापुढे धरली. दोन्ही हातांनी. तिनेही ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्यांच्या डोळ्यांत बघायचं टाळलं.

ती एकेक तार ताणत गेली, आणि बाओबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. शेवटचा सूर लागला तेव्हा त्यांनी पुन्हा वाजवून पाहिलं. बराच वेळ वाजवलं.

"अठरा," त्या म्हणाल्या. "हा धरून. आणि आता जेवायला घाला, पहाटेपासून पोटात काही नाही."

टेबलावर सवयीप्रमाणे गडबड उडाली. बाओबाई दारासमोर बसल्या. शन मॅनेजर रागात होते, तरी सवय कुठे जाते? त्यांचा हात इल्झेच्या कोपराकडे गेलाच. "बसा, तज्ज्ञबाई, इकडे..."

"तिकडे कशाला?" छिउ मास्तर म्हणाले.

मास्तर जेवताना कधी बोलत नसत.

"पाहुण्यांच्या शेजारी पाहुणे बसतात. ही माझ्या हाताखालची पोर. आज हिने चूक केली, सगळ्यांसमोर केली. चूक केली की दाराशी बसायचं आणि चहा ओतायचा, हा माझ्याकडचा नियम आहे. लौला विचारा, तिने किती वर्षं ओतलाय."

"पाच!" लौताई म्हणाली. "आणि बोलणी खाल्ली ती वेगळीच."

"पण मास्तर, त्या परदेशी..."

"शन, तुला कळत नाही तिथे बोलू नकोस." मास्तरांनी दाराजवळची खुर्ची स्वतः मागे ओढली. "ये पोरी. बस."

इल्झे बसली. मास्तर शेजारच्याच खुर्चीत टेकले आणि तिच्या कानाशी वाकले.

"दोन वर्षं माझी चावी पेटीत उलटी ठेवताय तुम्ही दोघी," ते हळूच म्हणाले. "मूठ डावीकडे. मी उजवीकडे ठेवतो. एवढंही शिकवलं नाही का मी?"

इल्झेने बाहीने डोळे पुसले. छाती अभिमानाने अशी भरून आली होती, की श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

"आता रडू नकोस. उद्यापासून वरचे सूर तू लावायचेस, उघड, माझ्या शेजारी बसून. आणि दुपारी मला झोपू द्या, दोन वर्षं नुसता डोळे मिटून पडतोय. चल, माझा कप रिकामा आहे."

तिने चहा ओतला. मास्तरांनी दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं, इथली माणसं आभार मानतात तसं. मग लौताईने, मग बाओबाईंनी आणि शेवटी तोंड वाकडं करून का होईना, शन मॅनेजरांनी.

इल्झेच्या मागचं दार उघडलं. वाढणारीने मासा तिच्या खांद्यावरून पुढे केला आणि रस्सा सरळ तिच्या पांढऱ्या कॉलरवर सांडला.

"सरक की जरा," वाढणारी खेकसली. "धर नीट!"

इल्झेने ताट दोन्ही हातांनी धरलं, माशाचं डोकं पाहुण्यांच्या मानाप्रमाणे बाओबाईंकडे वळवून मधोमध ठेवलं आणि पुढच्या ताटासाठी मागे हात केला.