जुन्या कोर्टाची विहीर

जुनं कोर्ट पाडलं, त्या जागेवर आता मुलांची बाग होतेय. उद्घाटन रविवारी. माझी अमृता, तीन वर्षांची, फाटकाला लोंबकळून घसरगुंडीकडे बघते. मी बघते जमिनीकडे. कोर्टाच्या आवारात खोल विहीर होती म्हणे. कुठं, ते जो तो वेगळंच सांगतो.

"ताई, बुजवली ती," कंत्राटदार नानासाहेब म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत मुरूम टाकला. किती घोर लावून घेता!"

तरी मी शेजारच्या श्रीनिवास वकिलांना जागेवर घेऊन आले. सासूबाई, मनकर्णाबाई, आपणहून निघाल्या. करमाडच्या जमिनीच्या दाव्यापायी त्यांनी या कोर्टाचे उंबरे झिजवलेले.

वकीलसाहेब रंगात आले. "समोर काळ्या दगडाच्या कमानी. वर सागवानी सज्जा. उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे, त्यांवर विहिरीचं पाणी शिंपडायचे. आत शिरलं की उजव्या हाताला विहीर." त्यांनी रस्त्याकडचा कडुनिंब दाखवला.

"कायबी सांगता!" सासूबाई म्हणाल्या. "विहीर तिकडं व्हती, भिंतीकडं. उजव्याच हाताला."

"मनकर्णाबाई, उभी हयात वकिली केली मी इथं."

"अन् मी उभी हयात तारखांना आले. तुमच्याच मेहरबानीनं!"

वकीलसाहेब खो खो हसले. मला मात्र राहवेना. "आई, तुम्ही आत कुठून यायचात?"

"मागून. कमानीतून आम्हाला कोण येऊ देतंय? मागं पत्र्याचं छप्पर व्हतं. बेड्या घातलेले, साक्षीदार, आमच्यासारखे, समदे तिथंच. पाणीबी तिथल्याच विहिरीचं. दोर आपला आपण आणायचा."

"वकीलसाहेब, तुम्ही कधी मागं गेला होतात?"

"मागं? मागं माझं काय काम?" ते म्हणाले.

मी नानासाहेबांकडे वळले. "म्हणजे विहिरी दोन. तुम्ही कुठली बुजवली?"

त्यांनी कडुनिंबाकडे हात केला. मग भिंतीकडे, तिथल्या घसरगुंडीकडे पाहिलं. "तिथं... तिथं नुसत्या शहाबादी फरश्या होत्या. त्यांवरच माती पसरली आम्ही."

अमृताला मी कडेवर घेतलं. गड्यांनी माती ओढून पहारीनं एक फरशी उचकटली. खाली काळोख. नानासाहेबांनी खडा टाकला. बराच वेळ काहीच नाही. मग डुबुक.

"खोला रे ती घसरगुंडी," ते घाम पुसत म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

वकीलसाहेब लांबूनच मान उंचावून त्या भोकाकडे बघत होते. "कसं होतं हो पाणी?"

"मचूळ," सासूबाई म्हणाल्या. "पण लई गार."