चार पावलं जास्त

ओद्रान गवंड्याने सकाळी ओळंबा सोडला आणि पुन्हा गुंडाळून ठेवला. दक्षिणेची भिंत मधोमध आत आली होती. परवा बोटभर, आज दोन बोटं.

मठाच्या नव्या प्रार्थनाघराच्या दोन्ही लांब भिंती जमिनीपासूनच एकमेकींकडे झुकत वर जायच्या आणि माथ्यावर मिळायच्या, उपड्या घातलेल्या नावेसारख्या. चुना नाही, माती नाही; नुसता दगडावर दगड. अशी भिंत आखूड असली तर नातवंडांच्या नातवंडांना पुरते, लांब केली की पोटात बसते. हे ओद्रानला बापाने शिकवलं होतं. तरी दोन वर्षांपूर्वी मठाधिपती केल्लाख म्हणाले की सगळे बंधू आत मावायला हवेत, चार पावलं वाढव, तेव्हा त्याने मान डोलावली होती. कारण मजुरी गाईंत ठरली नव्हती. काम पुरं झालं की आवारात, संताच्या कबरीशेजारी, त्याला पुरायला जागा, असं ठरलं होतं. संताच्या मातीत जो निजला त्याला शेवटच्या दिवशी संत हात धरून उठवतो, हे त्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही जाणून होतं.

माथा मिळायला आता जेमतेम सहा थर उरले होते. ओद्रानचे गुडघे शिडीवर कुरकुरत, आणि आणखी एक उन्हाळा ते काढतील असं त्याला वाटत नव्हतं. गप्प राहिलं तर जागा नक्की होती. भिंतही एखादा हिवाळा उभी राहिली असती. मग कधीतरी, तीस माणसं आत स्तोत्रं म्हणत असताना, खाली आली असती.

ताकाचं भांडं तसंच ठेवून तो केल्लाखांकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

केल्लाखांनी हातातली पोथी मिटली. मग म्हणाले, "तुला तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं, बाबा."

"मग हो का म्हणालास?"

"जागा हातची जाईल म्हणून."

केल्लाखांनी भिंत उतरवायला सांगितलं. चार पावलं आत घेऊन पुन्हा रचा म्हणाले. बोली मात्र तीच राहील. काम पुरं करील त्याला जागा.

दगड हाती देणारा दीमा हा पन्नाशीचा जाडजूड बंधू. दोन वर्षं जे चढवलं तेच उतरवायचं म्हटल्यावर, देवाचं माझ्या कंबरेशी काय वैर आहे, असं तो दुपारपर्यंत विचारत राहिला. ओद्रान शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच टेकला. केल्लाख काम बघायला आले होते.

"जागा तुलाच मिळणार, दीमा," ओद्रान म्हणाला. "मी काही तोवर टिकत नाही."

दीमाने घाम पुसला. "मी बंधू आहे, म्हाताऱ्या. माझा खड्डा इथे आलो त्याच दिवशी ठरला. ही दुसरी जागा मला मिळाली तर तुलाच देईन. दोन खड्ड्यांत निजू कसा? एक पाय इकडे, एक तिकडे?"

दीमाने केल्लाखांकडे पाहिलं. केल्लाख हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते आपल्या खोपीकडे निघून गेले.

"बघतोस काय," दीमा म्हणाला. "शिकव."

ओद्रान उठला नाही. बसल्याबसल्याच एक चपटा दगड मांडीवर घेऊन त्याने दाखवलं, पाणी आत येऊ नये म्हणून दगडाचा उतार बाहेरच्या अंगाला कसा ठेवायचा ते. दीमाने दगड नेमका उलटा बसवला. ओद्रानने क्षणभर डोळे मिटले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.