महिपतीचा खुलासा

महिपतीला खुलासे करायची भारी हौस. सोलापुरात शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात तो कटिंग मास्तर. कापडाच्या थप्पीवर मशीन फिरवताना त्याचा हात केसभर हलायचा नाही, पण खिशातला फोन वाजला की जीव लगेच खिशात. गावाकडच्या, म्हणजे मोडनिंबच्या भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यानंच काढलेला, ॲडमिन तोच. कुणाची सोयरीक मोडल्याची वावडी उठू दे, नाहीतर कुणी जित्या माणसाला श्रद्धांजली वाहू दे, महिपती लगेच लिहिणार, 'सर्वांना कळविण्यात येते की...' आणि सोबत पुरावा जोडणार. थोरला भाऊ रामहरी म्हणायचा, आमचा महिपती म्हंजे घरातलं कलेक्टर ऑफिस हाय. याला ते कौतुक वाटायचं. वाटू दे बापडं.

त्याची एकुलती पोरगी प्रतीक्षा अकरावीला. क्लासमधल्या इंद्रजीत नावाच्या पोरावर तिचा जीव जडला. त्या वयात जडतो, त्यात आभाळ कोसळावं असं काय आहे? पण पोरगं निघालं हलकट. सोडून जातो म्हणाला. ही व्हिडिओ कॉलवर रडली, 'पाया पडते, असं नको करू' म्हणाली, आणि त्यानं ते सगळं रेकॉर्ड करून मित्रांना वाटलं. कुणा दीडशहाण्यानं त्याला मागून ढोलकी जोडून इन्स्टाग्रामवर टाकलं. बघता बघता निम्म्या शहरातली पोरं नाकातून 'पाया पडते' म्हणत एकमेकांना चिडवायला लागली.

महिपतीला हे कळलं कारखान्यात. शिलाईवरच्या बायका एका फोनवर वाकून हसत होत्या. हा आला तशा गप्प झाल्या. मग एकीनं, मायेपोटीच म्हणा, त्याला तो व्हिडिओ पाठवला. त्यानं कोपऱ्यात जाऊन, आवाज बंद करून पाहिला. विस्कटलेले केस, रडून सुजलेलं नाक, जोडलेले हात. आपलीच पोर. बापाला आधी रडू यायला हवं होतं. आली ती मात्र लाज, आणि तीसुद्धा पोरीच्या दुःखाची नव्हे. मोडनिंबला कळलं तर आपण तोंड कुठं लपवायचं, एवढीच.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? घर गाठलं असतं, बायकोला विचारलं असतं. बायकोला, मायाक्काला, पोरीनं आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. संध्याकाळी नवऱ्याला नीट समजवायचं आणि तिघांनी मिळून पोलिसात जायचं, असं मायलेकींचं ठरलंही होतं. पण याला संध्याकाळपर्यंत दम निघेल तर ना! जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता यानं भावकीच्या ग्रुपवर लिहिलं : 'सर्वांना कळविण्यात येते की सोबतच्या व्हिडिओतील मुलगी ही माझी कन्या नाही. चेहऱ्यातील साम्यामुळे गैरसमज होऊ नये.'

आणि सोबत काय? अहो, सोबत तो व्हिडिओच!

मोडनिंबात तोवर कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिथल्या म्हाताऱ्यांना इन्स्टाग्राम म्हणजे नव्या खताचं नाव वाटलं असतं. त्यांच्या हातात या भल्या माणसानं पोरीचं रडणं स्वतः नेऊन ठेवलं.

घरी आला तेव्हा मायाक्का दारातच उभी होती. आधी ते काढा म्हणाली, बाकीचं मग बोलू. त्यानं घाईघाईनं काढलं. काढलं ते फक्त स्वतःच्या फोनमधून. बाकीच्या सगळ्या फोनांवर ते जिथल्या तिथं, आणि हा मात्र सुटलो म्हणून पाणी प्यायला. सकाळी रामहरीचा फोन आला तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"आवाज आपल्या प्रतीक्षाचाच हाय की रं," रामहरी म्हणाला. "पोर फसली तर आपुन हाय की तिच्या मागं. तू न्हाय कशाला म्हनलास?"

महिपतीनं फोन ठेवला. ज्यांच्या भीतीनं पोरीला नाकारलं, ते तिला पदरात घ्यायला तयार होते. लाजेनं त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वळून बघतो तर प्रतीक्षा मागंच उभी. ती रडत नव्हती.

"व्हिडिओ त्यानं पसरवला, पप्पा. पण मी तुमची नाही, हे तुम्ही लिहिलंत."

दुपारच्या गाडीनं मायलेकी जेऊरला मायाक्काच्या भावाकडं निघून गेल्या. जाताना मायाक्कानं भांडण काढलं नाही की शिव्याशाप दिले नाहीत. "जितं न्हाय म्हनून लिवलंय, तितंच हाय म्हनून लिवा," एवढंच म्हणाली. "मग आमी येतो."

एका ओळीचं काम. पण महिपतीला ती ओळ लिहवेना. लिहावी तर आपण खोटारडे ठरतो, न लिहावी तर घर उठतं. रोज टाइप करायचा, रोज पुसायचा. मधल्या काळात मायाक्कानं भावाला सोबत नेऊन इंद्रजीतविरुद्ध पोलिसात रीतसर तक्रारही दिली. बापाचं काम मामानं केलं. याला हे रामहरीकडून कळलं. मग तर घरातल्या आरशासमोर उभं राहायचीही त्याला चोरी झाली.

शेवटी रविवारी तो जेऊरला गेला. समोरासमोर बोलू, पोर पाघळेल, लिहायची वेळच येणार नाही, असा त्याचा हिशेब. काय म्हणावं या माणसाला! सोप्यात बसला. आतून प्रतीक्षा आली, तांब्या पुढं केला.

"काका, पाणी घ्या."

मायाक्का चौकटीत उभी होती. लेकीला तिनं टोकलं नाही. महिपतीनं तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. त्यानं तांब्या खाली ठेवला, फोन काढला आणि लिहिलं. या वेळी 'कळविण्यात येते' वगैरे काही नाही. 'त्या व्हिडिओतली मुलगी माझीच आहे. प्रतीक्षा. तिनं काही वाईट केलं नाही. खोटं मी बोललो, लोकांना भिऊन.' पुसायला बोट गेलं, पण त्यानं नेट लावून पाठवलंच, आणि फोन पोरीपुढं धरला.

प्रतीक्षानं शेवटपर्यंत वाचलं. ग्रुपवर धडाधड हात जोडल्याची चित्रं यायला लागली होती. तिनं फोन त्याच्या शेजारी पालथा ठेवला आणि आत निघाली. दाराशी थांबून वळली.

"चहाला साखर घालू का?"

साखरेचं दुखणं लागल्यापासून महिपतीचा चहा घरात वेगळा व्हायचा, बिनसाखरेचा, आणि तो रोज तीच करायची. आठवण करून द्यायला त्याचं तोंड उघडलं, पण कोणत्या तोंडानं सांगणार?

"घाल," महिपती म्हणाला.