कांगासांच्या भिंतीवरचा टेलिफोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. सध्या मी चर्चच्या तळघरात, जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या टेबलावर पडून असतो. माझ्या एका बाजूला इस्त्री आहे आणि दुसऱ्या बाजूला जोडीदार हरवलेला, बर्फात घालायचा एक बूट. रविवारी तुमच्यासारखी मुले येतात, माझी बटणे दाबतात, रिसीव्हर कानाला लावून "हॅलो, हॅलो" करतात आणि आतून काहीच ऐकू येत नाही म्हणून हसतात. मी कोणाच्या घरात होतो आणि तिथून का निघालो, ते आज सांगतो. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. माझा रंग दुधाच्या सायीसारखा होता. माझी वेटोळ्यांची वायर इतकी लांब होती की रिसीव्हर कानाला लावून बाईमाणसाला चुलीपासून खिडकीपर्यंत सहज जाता यावे. त्या वायरीसाठीच लेंपी कांगास हिने दुकानात माझी निवड केली. तिचा नवरा आर्वो याने मला स्वयंपाकघराच्या भिंतीवर चार स्क्रूंनी बसवले. गावाचे नाव टॅमरॅक फॉल्स. एका बाजूला मोठे तळे, उरलेल्या तिन्ही बाजूंना जंगल आणि मधोमध कागदाची गिरणी.

ती माझी उमेदीची वर्षे होती. गिरणीत माणूस कमी पडला की फोरमनचा फोन माझ्यावर यायचा आणि आर्वो जेवणावरून उठून जायचा. मुलगी मारित शहरात शिकायला गेली तेव्हा तिचे रडणे मीच आईपर्यंत पोहोचवले. हिमवादळात वीज गेली तरी मी चालू असे, त्यामुळे शेजारीपाजारी कांगासांच्या दारात बूट झटकत यायचे. आमच्या दरीत मोबाइल कधी लागलाच नाही. दर शनिवारी, घरची सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, तापत असताना, लेंपी व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्याने मला पुसायची. "हा आहे म्हणून आपण जगात आहोत," असे ती म्हणायची. मित्रांनो, यापेक्षा मोठे कौतुक कोणत्या टेलिफोनच्या वाट्याला आले असेल, मला माहीत नाही.

मग एका सप्टेंबरमध्ये गिरणी बंद झाली. ती बातमी माझ्यावरून आली नाही. फाटकावर कागद चिकटवला होता.

बेकारी भत्त्याचे गावातले कार्यालय काही वर्षांपूर्वीच बंद झाले होते. राजधानी फार दूर. त्यामुळे सगळा कारभार टेलिफोनवर होता. दर आठवड्याला एका नंबरवर फोन करायचा. पलीकडे एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज असायचा. ती कधी खोकली नाही, कधी अडखळली नाही. ती प्रश्न विचारायची आणि माणसाने बटण दाबून उत्तर द्यायचे. हो असेल तर एक, नाही असेल तर दोन.

आर्वो त्या वेळी टोपी काढून माझ्यासमोर ताठ उभा राहायचा.

"बस की खुर्चीवर," लेंपी म्हणायची. "ती बाई काय तुला बघतेय?"

"सरकारी काम आहे. बसून कसं करायचं?"

"मग टाय पण लाव. उद्यापासून दाढी करून फोन कर."

ऑक्टोबरभर सगळे सुरळीत चालले. भत्ता येत होता, काटकसरीने घर चालत होते. मग नोव्हेंबर उजाडला आणि हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला.

आमच्याकडे मोसमाचा पहिला दिवस सणाहून मोठा असतो. शाळेला सुट्टी असते. दुकानांवर "जंगलात आहोत" अशी पाटी लागते. गिरणी चालू होती तेव्हासुद्धा माणसे हजेरीच्या कार्डावर सरळ "शिकार" लिहायची आणि फोरमन न विचारता खाली सही करायचा, कारण त्यालाही पाठोपाठ निघायचे असायचे. त्या वर्षी आर्वोला मांसाची नेहमीपेक्षा जास्त गरज होती. सोमवारी आणि मंगळवारी तो लेंपीचा भाऊ ऑनी याच्याबरोबर जंगलातल्या खोपटात राहिला आणि एक लहान शिंगांचा नर घेऊन परतला.

शनिवारी त्याने नेहमीप्रमाणे फोन लावला. बाईने विचारले, "या आठवड्यात प्रत्येक दिवशी तुम्ही कामासाठी उपलब्ध होता का?"

आर्वोचे बोट हवेतच थांबले.

"एक दाब," चुलीजवळून लेंपी म्हणाली.

"सोमवार-मंगळवार मी जंगलात होतो."

"अख्खं गाव जंगलात होतं. फोरमन होता. पाद्री होते. दातांचा डॉक्टर तर अजून परतलेला नाही!"

"त्यांना हिने विचारलेलं नाही. मला विचारलंय."

"ही म्हणजे कोण रे? टेप आहे ती!"

"खोटं कशाला बोलायचं? विचारतील, सांगेन शिकारीला गेलो होतो. फार तर दोन दिवसांचे कापतील."

आणि त्याने दोन दाबले.

मी ते उत्तर जसेच्या तसे पुढे पोहोचवले. टेलिफोनचे काम तेवढेच असते. बाईने आभार मानले आणि तुमचा दावा पडताळणीसाठी पाठवला आहे, असे सांगितले. कोणी काही विचारले नाही. दोन दिवसांचेही कापले नाहीत. भत्ताच बंद झाला. पुढच्या प्रत्येक आठवड्यात आर्वोने एक दाबले, बाईने प्रत्येक वेळी आभार मानले आणि काहीच आले नाही.

ऑनीने ऐकले तेव्हा तो स्वयंपाकघरात येऊन आधी पोटभर हसला. तोही गिरणीतलाच, त्याच खोपटात त्याच बाकावर झोपलेला.

"तू दोन दाबलंस? अरे, त्या हरणाने काय तुला नोकरी देऊ केली होती?"

"तू काय दाबलंस?"

"एक. डोळे मिटून."

"मग तू खोटं बोललास."

"मी बोललो कुठे? बोटाने दाबलं. पाद्री विचारतील तेव्हा बोलेन खरं." मग बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहून तो थांबला. "होईल गं नीट. कोणीतरी माणूस भेटला पाहिजे फोनवर, बस."

तो माणूस भेटणे हेच अवघड होते. सकाळी नंबर लावला की आधी सूचना, मग सूचनांची यादी, मग एक गाणे. त्याला शब्द नव्हते. तेच सूर पुन्हा पुन्हा यायचे आणि मध्येच बाई सांगायची की आमचे सर्व कर्मचारी व्यग्र आहेत. बऱ्याचदा शेवटी "नंतर प्रयत्न करा" म्हणून लाइन तुटायची. आर्वो खांद्यावर रिसीव्हर धरून बटाटे सोलायचा. लेंपी त्याच्या जागी उभी राहून पेस्टीचे, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीचे, पीठ मळायची. आधी ती गमतीने त्या तालावर मळायची. नाताळ जवळ आला तसे ते गाणे सुरू झाले की ती दुसऱ्या खोलीत जाऊ लागली.

एका सकाळी गाणे मध्येच थांबले आणि खरी बाई बोलली. "मी बेकेट. नाव सांगा."

आर्वोच्या हातातला बटाटा खाली पडला. त्याने सगळे सांगितले.

"श्री. कांगास, तुम्ही स्वतःच 'नाही' असं उत्तर दिलंय."

"दिलंय. शिकारीला गेलो होतो."

"म्हणजे रजेवर?"

"रजा कुणाकडून घेणार, बाई? गिरणीच बंद आहे."

"माझ्या पडद्यावर शिकारीसाठी जागा नाही. उपलब्ध किंवा अनुपलब्ध, एवढंच आहे." मग तिचा आवाज खाली आला. "मिळालं का काही?"

"एक नर. लहानच होता."

"माझे वडीलही जायचे. हे बघा, हे मला बदलता येत नाही. तुम्ही अपील करा. सुनावणी फोनवरच होते. अधिकारी तुम्हाला याच नंबरवर फोन करतील. त्या वेळी फोनजवळ राहा. एवढं मात्र चुकवू नका."

आर्वोने अपील केले. सुनावणी जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी दहाला ठरली. मित्रांनो, त्या एका फोनवर आता त्यांचे घर अवलंबून होते. अपील मान्य झाले तर अडकलेला भत्ता सुटणार होता आणि हिवाळा आपल्याच घरात निघणार होता. नाही झाले तर घर विकून मारितकडे, शहरातल्या तिच्या तळघरात जायचे होते. मारित माझ्यावरून आईला सारखी सांगायची, "आई, तुम्ही इकडे या ना." लेंपीचे उत्तर ठरलेले असे, "आधी अपिलाचं होऊ दे."

जानेवारीत थंडी अशी पडली की खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरू लागला. घर गरम ठेवणाऱ्या गॅसची टाकी तळाला गेली. गॅसवाला आगाऊ पैशाशिवाय गाडी पाठवेना. त्याच सुमारास टेलिफोन कंपनीची शेवटची सूचना आली.

"फोन आधी," आर्वो म्हणाला.

"पाइप गोठून फुटले तर हा फोन कुठल्या भिंतीवर ठेवणार आहेस?"

"सुनावणी चुकली तर?"

"मी बोलते कंपनीशी."

लेंपी कंपनीशी बोलली. सुनावणी होईपर्यंत थांबा, शुक्रवारी काहीही करून भरते, असे तिने माझ्याच रिसीव्हरमधून विनवले. पलीकडच्या तरुणाने "तशी नोंद करतो" असे सांगितले. त्या भरवशावर त्यांनी गॅस भरला. ती नोंद कुठे झाली, कोणी वाचली की नाही, मला ठाऊक नाही. बुधवारी दुपारी माझ्या आतली ती बारीक गुणगुण, जिला तुम्ही डायल टोन म्हणता, बंद पडली.

संध्याकाळी आर्वोने रिसीव्हर उचलला, कानाला लावला, हूक दोन-तीनदा खाली-वर केला आणि कोट चढवून ऑनीकडे निघाला. सरकारी कार्यालय तोवर बंद झाले होते. गुरुवारी उजाडताच तो पुन्हा ऑनीकडे गेला. ऑनीच्या घरचा नंबर कार्यालयाला कळवायचा आणि सुनावणी तिथेच घ्यायची, असे ठरले होते.

"तू पण ये," तो दारातून म्हणाला.

"मी इथेच थांबते. मधेच सुरू झाला तर? घरात कोणी नको?"

ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. अंगावर जाड स्वेटर होता, मांडीवर हात होते. दहा वाजले. तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि लगेच जागेवर ठेवला, कारण तो उचललेला असताना फोन आला तर लागणार नाही. थोड्या वेळाने पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला, अलगद, दोन्ही हातांनी. मित्रांनो, मी आयुष्यभर त्या घरातला प्रत्येक निरोप पोहोचवला होता. त्या सकाळी मी प्लास्टिकचा एक तुकडा होतो आणि ती माझ्याकडे पाहत होती.

दुपारी आर्वो आला. मागे ऑनी होता. दोघांच्या बुटांवरचा बर्फ फरशीवर वितळत राहिला. एरवी लेंपीने दोघांना दाराबाहेर काढले असते.

"तेच गाणं," आर्वो म्हणाला. "तेच ते गाणं, लेंपी. शेवटी माणूस आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. अधिकाऱ्यांनी इथे फोन केला होता म्हणाले. नंबर बंद आहे असं ऐकू आलं. 'अपीलदार गैरहजर' असं लिहून प्रकरण मिटवलं."

"मी इथेच होते," लेंपी म्हणाली. "मी हललेसुद्धा नाही."

ऑनी दाराला टेकून उभा होता. "पुन्हा सुनावणी मागता येते म्हणे," तो म्हणाला. ती मागितली. उत्तर यायला काही महिने लागतील, असे कळले.

गॅस तोवर पुरणार नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटी घर विकले गेले, तेही मिळेल त्या किमतीला. मारितच्या गाडीत बसण्याआधी लेंपीने चूल पुसली, खिडकी पुसली. मला पुसले नाही. मला त्याचा राग आला नाही. नव्या मालकांना भिंतीवर फोन नको होता. त्यांनी चार स्क्रू काढले आणि मला खोक्यात घालून चर्चच्या दारात ठेवले.

पुढचे मला ऑनीकडून कळले. रविवारी तो या टेबलामागे बसतो. मे महिन्यात त्याने पाद्र्यांना सांगितले की आर्वोची सुनावणी अखेर झाली, मारितच्या फोनवर. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारले, "त्या दोन दिवसांत कोणी कामाला बोलावलं असतं तर आला असता का?" आर्वो म्हणाला, "आलो असतो. ऑनी गाडी घेऊन होता की." बाई म्हणाल्या, "ठीक आहे." अडकलेला सगळा भत्ता मंजूर झाला.

"मग परत येणार का ते?" पाद्र्यांनी विचारले.

"कुठे येणार?" ऑनी म्हणाला आणि विक्रीच्या कपबशा उगाच पुन्हा मांडू लागला.

मित्रांनो, मला आता वायर नाही, म्हणून तुम्हाला इथूनच सांगतो. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी ती प्रश्न विचारणारी यंत्रे बनवेल. कोणी बेकेटबाईंसारखे पडद्यासमोर बसेल. कोणी टेलिफोन कंपनीत लोकांच्या विनंत्या टिपून घेईल. तेव्हा टिपलेले वाचा. आणि कोणी खरेपणाने "नाही" म्हटले तर त्याला "का" एवढे विचारा. त्याला फार वेळ लागत नाही. आर्वोच्या बाबतीत सगळे बोलणे कॉफी निवायच्या आत आटोपले होते. फक्त तोवर त्या घरात फोन उचलायला कोणी उरले नव्हते.