सरळ रेषेत साडेदहा तास

अंतर : साडेआठ हजार किलोमीटर.

बाबांना हा आकडा पाठ झाला होता. सकाळी नर्सला सांगून झाला, शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला सांगून झाला, आणि सर्जनबाई आल्या तेव्हा त्यांनाही. बाईंनी पट्टी उलगडून काळी पडलेली दोन बोटं पाहिली. "आज बोटांवर भागेल. उद्यावर गेलं तर घोट्यापासून पाय काढावा लागेल."

"थोरला येतोय परदेशातून. तो आल्याशिवाय कात्री लावायची नाही."

कात्री. जन्म शिवणकामाच्या दुकानात गेलेला माणूस. दुकानाचा नियमच तसा होता: माप देऊन गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा समोर उभं राहिल्याशिवाय कापड कापायचं नाही, मग ते कितीही तणतणो. आता दुकान धाकटी मुलगीच चालवायची आणि नियमही पाळायची. आज मात्र तो ऐकून तिच्या डोक्यात तिडीक गेली.

उड्डाणाचा वेळ : साडेदहा तास.

थोरल्याने हे काल सकाळी सांगितलं होतं. साडेदहा तास केव्हाच उलटून गेले होते. तिने व्हरांड्यात जाऊन फोन लावला. लागला. तिथेच तिला कळलं.

"विमानात नाहीयेस तू."

"अगं बारके, ऐक ना. तिकिटाचंच बघतोय."

"काल निघालो म्हणालास."

"निघतो म्हणालो. बाबा रडवेले झाले होते गं. धीर द्यायला म्हणून नेटवर दोन विमानतळांची नावं टाकली आणि जे आलं ते वाचून दाखवलं."

तिने तेच पान उघडलं. दोन ठिपके, मध्ये ताणलेल्या दोऱ्यासारखी रेघ. खाली बारीक अक्षरांत :

थेट विमान : नाही. वेळ हा सरळ रेषेवरून काढलेला अंदाज.

"दादा, असं विमानच नाहीये."

"दोनदा बदलावं लागतं. दीड दिवस धर. डॉक्टरांना म्हणावं, जरा थांबा."

"डॉक्टर थांबतील. पायाला कोण सांगणार? तू सांगतोस? देऊ त्याच्याकडे फोन?"

"तू ना, लगेच चिडतेस."

"दर वेळी 'हा निघालोच' म्हणायचं आणि इथे मी त्यांची समजूत घालत बसायचं. आज नाही घालणार."

तिने फोन ठेवला आणि आत गेली.

"बाबा, दादा घरी आहे. त्याने तिकीट काढलेलं नाही."

"साडेदहा तास म्हणाला."

"तसं विमान नाही."

"मग येईल तेव्हा—"

"आपण माप कुणाचं घेतो?"

"गिऱ्हाइकाचं."

"की त्याच्या मुलाचं?"

बाबांची नजर चादरीखालच्या पायाकडे गेली.

"पाय कुणाचा आहे? ते गिऱ्हाईक समोर बसलंय. सांगा, कुठून कापायचं?"

बाबांनी चादर बाजूला सारली. मशीन मारून मारून टाचेला घट्टे पडलेला पाय. त्यांनी बोटांच्या मुळाशी नखाने रेघ ओढली, खडूने ओढावी तशी.

"इथून. एक सूतही वर नाही."

ती दाराकडे वळली.

"आणि त्याला कळव," बाबा म्हणाले. दुकानात दोनदा तारीख चुकवलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायचे तो आवाज. "म्हणावं, सावकाश ये. काही घाई नाही."

"ते तुम्हीच सांगा," ती म्हणाली. फोन त्यांच्या उशाशी टाकला आणि सर्जनबाईंना बोलवायला निघाली.