कमरेत की पोटात

घरात तिला सगळे पाना म्हणत. लहानपणी खेळण्यांऐवजी वडिलांच्या पेटीतला पाना हातात धरून झोपायची, तेव्हापासूनचं नाव. आता तिचं स्वतःचं गॅरेज होतं. गाडी उचलायचे दोन लिफ्ट, मागे एक खिडकी, आणि गिऱ्हाइकं बहुतेक शाळेच्या व्हॅन नि घरगुती गाड्यांची.

तिच्या वहिनीची गाडी मात्र वेगळी होती. लाल, बसकी, दोनच सीटांची. वहिनी दातांची डॉक्टर. रोज त्याच गाडीने दवाखान्यात जायची आणि एखाद्या रविवारी शहराबाहेरच्या रेसट्रॅकवर तीच पळवायची. नवऱ्याला गाडी लागायची, त्यामुळे शेजारची सीट आपसूक सासूबाईंकडे, म्हणजे पानाच्या आईकडे, आली होती. कमरेच्या व्यायामासाठी वहिनीच त्यांची ने-आण करायची.

ट्रॅकसाठी म्हणून वहिनीने एका नावाजलेल्या गॅरेजमधून कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या, आणि घरात कटकट सुरू झाली. गतिरोधक आला की गाडी टणकन उडायची.

"जाताना कंबर बरी होते," आई म्हणाली, "आणि येताना परत मोडते."

वहिनीलाही समाधान नव्हतं. खडबडीत वळणावर चाकं रस्ता सोडत होती.

"गाडी माझ्याकडे दे," पाना म्हणाली.

वहिनी जरा घुटमळली. "रागावू नकोस, पण तू कधी ट्रॅकची गाडी केली आहेस?"

"नाही. पण नुसतं कडक केलं म्हणजे गाडी पळते असं नाही. चाक जमिनीला चिकटून राहिलं पाहिजे. ते जमलं तर तुझंही भागेल आणि आईचंही."

वहिनीने किल्ली दिली.

पानाने कडक स्प्रिंगा काढल्या आणि मध्यम ताकदीच्या, उंची कमी-जास्त करता येणाऱ्या बसवल्या. सोबत चांगले डँपर घेतले. स्प्रिंगेची उसळी आवरायचं काम त्यांचं, आणि डोक्यावरची घुंडी फिरवली की ते सैल किंवा घट्ट होत. वळणात गाडी एका बाजूला कलू नये म्हणून पुढचा आडवा दांडा जाड घातला. मग प्रत्येक चाकाखाली काटा ठेवून वजन सारखं वाटून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी चालवणाऱ्याचं वजन सीटवर हवं.

"तुझं वजन सांग," तिने फोन करून विचारलं. वहिनीने सांगितलं. पानाने त्यात आपल्या मनाने चार किलो मिळवले आणि तेवढी वाळूची पोती सीटवर ठेवली.

रस्त्याची परीक्षा आईने घ्यायची ठरली. बाजारामागची उखडलेली गल्ली त्यासाठी निवडली. पाना चालवत होती, आई शेजारी उशी न घेता बसली होती.

"कुठे लागलं?" पहिल्या खड्ड्यानंतर पानाने विचारलं.

"कमरेत."

पानाने गाडी थांबवली, उतरून घुंड्या थोड्या सैल केल्या. दुसऱ्या फेरीला आई म्हणाली, "आता कमरेत नाही, पोटात. होडीत बसल्यासारखं."

म्हणजे गाडी खाली बसत नीट होती, पण वर येताना झुलत होती. पानाने परतीची, म्हणजे वर येणं आवरणारी, वेगळी घुंडी आवळली. असं कमरेत की पोटात करत दोघींनी सकाळ घालवली. गल्लीतल्या लोकांना वाटलं, गाडी बिघडली आहे. दोघांनी धक्का मारू का म्हणून विचारलंही. शेवटच्या फेरीला आई काहीच बोलली नाही.

"काय झालं?"

"काही नाही झालं. तेच बघतेय."

पुढच्या रविवारी तिघी ट्रॅकवर गेल्या. आई गाडीत वहिनीजवळ, पाना मागून हत्यारांची व्हॅन घेऊन. पण पहिल्या काही फेऱ्यांनंतर वहिनी परतली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"लांब वळणात मागचा भाग अचानक सटकतो. सरळ रस्त्यावर झकास आहे, पण तिथे मला भीती वाटली."

पानाने डँपरच्या दांड्यावर प्लॅस्टिकची बारीक पट्टी अडकवून ठेवली होती. गाडी दबली की पट्टी सरकते आणि किती दबली ते कळतं. मागच्या दोन्ही पट्ट्या पार टोकाला जाऊन चेपल्या होत्या. म्हणजे गाडी दबून दबून तळाच्या रबरावर आदळत होती.

"चूक माझी," पाना म्हणाली. "दिसायला छान म्हणून मागून जास्तच खाली बसवली मी. थोडी वर घेते."

"वर घेतली तर वेग कमी नाही होणार?"

"चाकाला हलायला जागा मिळेल. एकदा चालवून बघ."

तिने जॅक लावला, मागच्या कड्या फिरवून उंची वाढवली, दोऱ्या ताणून चाकांचा कोन पुन्हा तपासला. बाजूच्या महागड्या गाड्यांची मंडळी कुतूहलाने बघत होती. तिने मान वर केली नाही.

वहिनी पुन्हा गेली. पाना कठड्याशी उभी राहिली. लांब वळणात लाल गाडी शिरली, एकदाच हलकेच कलली आणि तशीच, ठाम, बाहेर पडली. पुढच्या फेरीला आणखी जोरात. पाना कठड्यावरून पुढे झुकली. ही गाडी काल भाजी घेऊन आली होती, आणि आज अशी पळतेय. तिचा एकेक नट आपण आवळलाय.

एका फेरीची वेळ आली ती जुन्या स्प्रिंगांपेक्षा दोन सेकंदांनी कमी. वहिनी हेल्मेट काढत हसतच उतरली. केस विस्कटलेले, गाल लाल.

करड्या केसांचे एक गृहस्थ जवळ आले. "सस्पेन्शन कोणाकडून करून घेतलंत?"

"माझ्या नणंदेकडून," वहिनी म्हणाली. "आणि हो, लोक नणंदांबद्दल काय काय बोलतात, ते माझ्यासमोर बोलायचं नाही."

ते आईकडे वळले. "तुम्ही पण येता गाडीतून? त्रास नाही होत?"

"त्रास कसला? स्प्रिंग उड्या मारायला बघते, डँपर तिला खाली बसवतो," आई शांतपणे म्हणाली. "आमच्या घरात ते काम मी करते. गाडीत माझी मुलगी करते."

पाना जॅक आवरत होती. तिने तो मुद्दाम जरा सावकाश आवरला.

"तुमचं कार्ड आहे का?" गृहस्थांनी विचारलं.

कार्ड नव्हतं. व्हॅन आणणाऱ्यांना कधी लागलंच नव्हतं. तिने ग्रीसचे हात पुसले आणि गॅरेजचा पत्ता तोंडीच सांगितला, खणखणीत आवाजात, बाजूच्या दोन गाडीवाल्यांनाही ऐकू जाईल असा.