फळीची विल्हेवाट

जूनमध्ये भुवनेश्वरी सर्फबोर्डचे दोन तुकडे घेऊन घरी आली, तेव्हा तिच्या आईनं आधी तिचे हातपाय चाचपून पाहिले.

"अव्वा, मला काही झालं नाही. फळीच मोडली."

भुवनेश्वरी कर्नाटकच्या किनाऱ्यावर, मुल्कीला, सर्फिंग शिकवायची. घरात कन्नड बोलत असल्यानं तिथं तिचं लगेच जमलं. पावसाळ्यात समुद्र खवळला की शिकवणं बंद. यंदा बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात एका लाटेनं बोर्डाचे दोन तुकडे केले. पहिल्या पगारातून घेतलेला, जुनाच पण तिचा स्वतःचा बोर्ड. तिथं टाकून यायचं तिच्या जिवावर आलं.

एमआयडीसीत कूलरच्या फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या महेश्वरकडं ती तुकडे घेऊन गेली. त्यानं मोडलेल्या कडा दाबून पाहिल्या.

"जोडून देतो ताई, पण पहिल्याच लाटेला परत जाईल. खोटं कशाला बोलू?"

"मग फेक की," घरी हे ऐकून तिची आई दाक्षायणी म्हणाली. ती अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. पोरगी समुद्रावर नेमकं करते काय, हे नातेवाइकांना सांगता सांगता तीन वर्षांत ती थकली होती. फळी मोडली याचं तिला आतून बरंच वाटलं होतं. आता तरी पोरगी इथं राहील.

पण फळी घराबाहेर जाईना. घंटागाडीवाला म्हणाला, एवढं मोठं घेत नाही. भंगारवाल्यानं टिचकी मारून पाहिलं आणि म्हणाला, "लोखंड न्हाय, प्लास्टिक न्हाय. घेऊन करू काय?" शेजारणीनं जाळायला सांगितलं, तर भुवनेश्वरीनं विषारी धूर होतो म्हणून नकार दिला. आठ दिवस तुकडे दारामागं उभे होते. दाक्षायणीची दोन लुगडी त्या कडांना अडकून फाटली.

नवव्या दिवशी मंद्रूपकडची शेतकरीण वच्छला ज्वारी विकायला घेऊन आली. दर महिन्याला यायची. पोतं टेकवताना तिला तुकडे दिसले.

"हे काय गं, भुवी?"

"पाण्यावर उभं राहायची फळी होती, मावशी. मोडली."

"मोडल्यावर तरंगतंय का?"

"तरंगतं की. माणूस धरून राहील एवढं."

वच्छला खालीच बसली. "उन्हाळ्यात आमच्या शेततळ्यात माझी जाऊ घसरली. खाली प्लास्टिकचा कागद अंथरलाय, लई निसरडा. पाय ठरंना, वर येता येईना. लुगडं टाकून वडली तिला. वाचली, पण अजून तळ्याकडं जात न्हाय. हे मला दे की."

भुवनेश्वरीनं महेश्वरकडून मोडलेल्या कडांवर फायबरचा थर चढवून घेतला, म्हणजे हाताला टोचणार नाही. रविवारी ती टेम्पोत तुकडे टाकून निघाली. सुट्टी होती म्हणून दाक्षायणीही बरोबर गेली.

तळ्याच्या काठावर लोखंडी खुंटा ठोकून भुवनेश्वरीनं दोन्ही तुकडे लांब दोरांनी बांधले. आणखी एक दोर ठिकठिकाणी गाठी मारून पाण्यात सोडला, चढून येण्यासाठी.

वच्छला म्हणाली, "झालं. आता पडलं तर धरायचं."

"घाबरलेल्या माणसाला धरता येत नाही, मावशी. आधी हाताला सवय पाहिजे."

"मग लाव की सवय."

घरी जाऊन स्वतःच्या पोरीचा पंजाबी ड्रेस घालून वच्छला आली. भुवनेश्वरी आधी पाण्यात उतरली. दोर कमरेला बांधून वच्छला मागून उतरली आणि पाण्यात जाताच तिनं भुवनेश्वरीच्या गळ्याला मिठी मारली.

"मला नाही, फळीला धरा. छाती फळीवर. तोंडानं श्वास सोडा. पाय हलवा, हळू. मी इथंच आहे."

काठावर बसलेल्या दाक्षायणीनं लेकीचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. घरी प्रत्येक गोष्टीला हुज्जत घालणारी पोरगी इथं घाई करत नव्हती, चिडतही नव्हती. वच्छलाला ठसका लागला तेव्हा तिनं तिची पाठ चोळली आणि मिनिटभर नुसतं तरंगू दिलं. मग मुद्दाम फळी लांब ढकलून म्हणाली, "आता दोरानं ओढून घ्या."

दोनदा वच्छलानं घाबरून दोरच सोडला. तिसऱ्यांदा तिनं दोर ओढला, फळी पोटाखाली घेतली, पाय मारत काठाला आली आणि गाठी धरून वर चढली. तिथंच बसून मोठमोठ्यानं हसायला लागली. बांधावर तिची जाऊ चिमाबाई येऊन उभी होती, ती कधी आली ते कुणालाच कळलं नव्हतं.

"मला बी जमंल का?" तिनं लांबूनच विचारलं.

"जमेल की. आज नुसते पाय बुडवून बसा," भुवनेश्वरी म्हणाली.

चिमाबाई काठाशी आली. गाठींचा दोर घट्ट धरून तिनं पाण्यात पाय सोडले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली.

परतताना टेम्पोत मागं वच्छलानं दिलेलं ज्वारीचं एक पोतं तेवढं होतं. बरंच अंतर गेल्यावर दाक्षायणी म्हणाली, "समुद्रावर कधी सुरू होतंय परत?"

"सप्टेंबरच्या शेवटी." भुवनेश्वरीनं आईकडं जपून पाहिलं. "नवी फळी बघावी लागेल."

"बघ की. पण तोवर हितले रविवार चुकवायचे नाहीत. चिमाबाई पाण्यात उतरली पाहिजे."

"तू येणार बघायला?"

"बघायला कशाला?" दाक्षायणी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "अंगात काय घालायचं ते सांग. कापड आणते, शिवते दोघींपुरतं, मला आणि चिमाबाईला."